देवाच्या घरी सोडत नाही

१ सप्टेंबर, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर खोडाखोड नको, म्हणून हे आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवतो आहे. आईने खांद्यावरून डोकावून विचारलं, "हे काय, स्वतःच्याच वहीत गिरवतोस?" मी म्हणालो, तपासून घेतलेलं बरं. ती म्हणाली, "तू लग्नातसुद्धा आधी पेन्सिलीने होकार देशील."

शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याला ते सोडून चालत नाही. कागदावरची चूक खोडता येते, बारा फुटांवरची चूक सगळा रस्ता दहा वर्षं वाचतो. पेंटरकाकांकडे कामाला लागलो तेव्हा ते एका पाटीवर ‘दुध’ लिहीत होते. मी शिडीखालून हळूच म्हणालो, "काका, दू दीर्घ." तेव्हापासून ते मला वेलांटी म्हणतात, आणि आता सगळा रस्ताच म्हणतो. खरं तर तो उकार होता, वेलांटी नव्हे. पण हे कोणाला सांगणार?

आज आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदारसाहेब दुकानात आले. काल उपासनेनंतर त्यांनी जाहीर केलं होतंच. समुद्रापलीकडे लढाई पेटली आहे, तिथल्या बेघर झालेल्या लोकांसाठी पैसे उभे करायचे, जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करायची, आणि त्यासाठी २७ तारखेला सोडत काढायची. पहिलं बक्षीस मोटारसायकल. पाटीचा मजकूर त्यांनी स्वतः करून आणला होता: ‘शांतिसाठी भव्य सोडत! एका तिकिटात नशीब उघडा!’ मधोमध मोटारसायकलचं चित्र.

त्यांनी ‘शांति’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं. मी म्हणालो, साहेब, आता दीर्घ लिहितात. ते म्हणाले, "जुन्या पुस्तकांत ऱ्हस्वच आहे."

"ऱ्हस्व शांती फार दिवस टिकत नाही, साहेब," पेंटरकाका ब्रश पुसत म्हणाले. मग साहेब गेल्यावर मला म्हणाले, "शांती वर, नशीब खाली, आणि मध्ये मोटारसायकल. शांती दिसणार कोणाला रे?"

संध्याकाळी समोरच्या बेकरीच्या मालकांची मुलगी आली. तिला पाटी हवी आहे: ‘दार ओढा’. गेल्याच महिन्यात मी तिला ‘दार ढकला’ करून दिली होती. दार एकच आहे. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "एकदा ढकलायचं असतं, एकदा ओढायचं असतं." धंद्यातलं तिला जास्त कळत असणार.

३ सप्टेंबर, बुधवार

तिकिटं घेतली. एक घेणार होतो. पण खजिनदारसाहेब म्हणाले, "एका तिकिटाला देव काय करणार? त्यालाही जरा वाव द्यावा लागतो." मग आणखी घेतली, मग आणखी. किती ते इथे लिहीत नाही. ब्रशच्या जुन्या डब्यात, तळाशी, चिंध्यांखाली ठेवली आहेत.

हे कशासाठी, तेही लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. मला बेकरीवालीशी एक गोष्ट बोलायची आहे. पण शिडी खांद्यावर घेऊन पायी फिरणारा माणूस ती गोष्ट कशी बोलणार? तिच्याकडे भट्टी आहे, दोन कामगार आहेत, काचेचं कपाट आहे. माझ्याकडे शिडी आहे, तीही काकांची. मोटारसायकल असेल तर निदान थांबवून, उतरून बोलता येतं. पायी माणूस उतरणार कशावरून?

आईला यातलं काही माहीत नाही. जेवताना ती सहज म्हणाली, "मोटारसायकल लागली तर मागे मला बसवशील की पाववालीला?" मला ठसकाच लागला. आई कधीकधी अंधारात बाण मारते.

७ सप्टेंबर, रविवार

आज वाईट वाटलं. पाळकांनी उपासनेत जगाच्या शांतीसाठी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. आणि मला मोटारसायकल दिसली. लाल. पुन्हा डोळे उघडले, मिटले, तर तीच, आता आरसेही होते.

पुढच्या बाकावर बेकरीवाली होती. ती फार वेळ मान खाली घालून बसली होती. तिचा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे, आणि ते जहाज लढाईच्या त्याच समुद्रातून जातं. हे मला माहीत होतं. तरी मी त्याच प्रार्थनेत आरसे बघत होतो.

देवाला असं सांगावं असं वाटतं, की प्रभू, माझ्या दोन मागण्या एकात एक मिसळल्या, वेगळ्या करून घे. पण मग वाटतं, वेगळ्या केल्यावर दुसरी तो फेकूनच देईल.

१० सप्टेंबर, बुधवार

बेकरीवाली पुन्हा आली. त्याच दारासाठी तिची ही सातवी पाटी: ‘आजचा पाव आजच’. मी विचारलं, कालचा पाव तुम्ही विकता का? "नाही." मग लोकांना शंका येते का? "नाही." मग पाटी कशाला? ती म्हणाली, "तुम्ही अक्षर चांगलं काढता, वाचता मात्र कमी." मला हे लागलं. मी रात्री झोपण्याआधी रोज वाचतो.

ती गेल्यावर पेंटरकाका इतके हसले की रंगाच्या डब्यात त्यांची बिडी पडली.

मग काम करताना मी त्यांना विचारलं, काका, तुम्ही सोडतीचं तिकीट का घेतलं नाहीत? ते त्या वेळी खडू चोळलेला दोरा पाटीवर ताणून धरत होते. मला म्हणाले, "टिचकी मार." मी दोरा उचलून सोडला. सरळ पांढरी रेघ उमटली. "बघ, दोरा ताणला, टिचकी मारली, रेघ आली. उद्याही येईल. आता दोरा न ताणता नुसती टिचकी मारत बस आणि म्हण, देवा, सरळ येऊ दे. त्याला श्रद्धा नाही म्हणत. त्याला आळस म्हणतात, कपडे चांगले घातलेला."

डब्यातल्या चिंध्या मला दिवसभर हलताना दिसत होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मंडळीच्या सभेत जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

पाळकांनी विषय काढला. त्यांना सोडतीबद्दल झोप लागत नाही, असं ते म्हणाले. खजिनदारसाहेब तयारीने आले होते. ते उठून म्हणाले, "प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याच ना? बाराव्या शिष्याची रिकामी जागा भरायला? मग?"

सगळे पाळकांकडे पाहू लागले. पाळक अगदी बारीक आवाजात बोलतात. "टाकल्या. पण ज्याचा नंबर लागला त्याला मिळालं काय? काम. आणि वर लोकांचा मार. अशी सोडत चालेल मला. पहिलं बक्षीस वर्षभर अंगण झाडणं. साहेब, पहिलं तिकीट तुम्ही घ्या."

हसण्याने छत हललं. खजिनदारसाहेबसुद्धा हसले, मग आपण हसलो हे लक्षात येऊन खाली बसले.

मग पाळक म्हणाले, "चिठ्ठ्या आणखी एकदा टाकल्या होत्या. वधस्तंभाच्या पायाशी, शिपायांनी, प्रभूच्या झग्यावर. वर तो जीव सोडतोय आणि खाली यांचं चाललंय, कोणाला लागतो बघू. मला राहून राहून ते दिसतं."

साहेब म्हणाले, "पण पैसे चांगल्या कामाला जाणार आहेत, पाळक."

तेव्हा बेकरीवाली उठली. ती सभेत कधी बोलत नाही. म्हणाली, "माझा भाऊ त्या समुद्रात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. लढाई सुरू करणारे तरी वेगळं काय करतात, साहेब? प्रत्येकाला वाटतं, या वेळी माझाच नंबर लागणार. फक्त तिकिटं म्हणून दुसऱ्यांची मुलं फाडतात. त्यांच्यासाठी आपण त्यांच्याच खेळाचे पैसे पाठवायचे?" आणि ती झटकन बसली, जणू कोणीतरी खाली ओढलं.

मग मागून पेंटरकाकांचा आवाज आला, "हात आहेत ना सगळ्यांना? २७ तारखेला एक दिवसाचं काम द्या. न्हाव्याने दाढ्या कराव्यात, शिंप्याने फाटकं शिवावं, बेकरीने पाव भाजावेत. जे मिळेल ते पाठवायचं. जिंकणारा कोणी नाही, हरणाराही कोणी नाही."

मतदान झालं. सोडत हवी असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. माझा हात वर गेला. डब्यातल्या तिकिटांनीच तो उचलला. मग सोडत नको असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. तोही गेला. मोजणाऱ्या चिटणीस बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वेलांटी, तुम्ही ऱ्हस्व की दीर्घ?" मी म्हणालो, दुसरा. दुसरा हात धरा.

सोडत रद्द झाली. मोटारसायकल दुकानात परत जाणार. मी घरी येताना सारखा स्वतःला विचारत होतो, दुःख का होत नाही? पाय उलट नाचल्यासारखे पडत होते. तिचं ते ‘तिकिटं म्हणून दुसऱ्यांची मुलं’ मी वाटभर म्हणत होतो. कसं सुचलं असेल!

१५ सप्टेंबर, सोमवार

जुन्या पाटीवरची मोटारसायकल पांढऱ्या रंगाने झाकली. दोन हात द्यावे लागले, लाल रंग वर येत राहतो. नवा मजकूर पाळकांनी सांगितला. छोटा आणि स्पष्ट हवा, म्हणजे तिकिटांसाठी कोणी येणार नाही: ‘देवाच्या घरी सोडत नाही’.

मी शब्दकोश काढून प्रत्येक अक्षर पाहिलं. ‘च्या’ जोडून, ‘नाही’ दीर्घ. कुठेही चूक नाही. मोठ्या निळ्या अक्षरांत लिहून, मंडळीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर टांगून, निर्धास्त झोपतो आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कसली झोप आणि कसलं काय!

सकाळी दुकान उघडायला गेलो तर भिंतीपुढे गर्दी. मधोमध कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला पोट धरून हसत होता. मला पाहून ओरडला, "अरे वेलांटी, माझी जाहिरात फुकट केलीस! मीपण कोणाला देवाच्या घरी सोडत नाही, हळू चालवतो!"

मला आधी कळलंच नाही. मी पाटी वाचली. बरोबर होती. पुन्हा वाचली. मग कळलं. सोडत नाही! सोडत, नाही! नुसत्या एका जागी थांबण्याचा प्रश्न!

तेवढ्यात काठी टेकत आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजी आल्या. पाटी वाचून फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी. "मला आत सोडत नाहीत का रे आता? एवढं काय केलं मी? गाताना जरा मोठ्याने गाते एवढंच ना?"

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. जाताना सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगत होतो, आजी, इथे सोडत म्हणजे लॉटरी! त्या म्हणाल्या, "देवळात लॉटरी? शोभतं का तुम्हाला?"

दुपारपर्यंत आणखी अर्थ निघाले. दूधवाल्याला वाटलं, इथे उधारी वसूल झाल्याशिवाय सोडत नाहीत. हवालदार गाडीवरून उतरून विचारून गेला, कोणाला कोंडून वगैरे ठेवलं आहे का. मी शिडी आणि पांढरा रंग घेऊन भिंतीपाशी धावलो. पण पाळक फाटकात उभे. हसून हसून त्यांच्या चष्म्यावर वाफ आलेली.

"खबरदार हात लावलास तर," ते म्हणाले. "सतरा वर्षं प्रवचन देतोय. रस्त्याने आज पहिल्यांदा ऐकलं."

"पण पाळक, अर्थाचा अनर्थ होतोय!"

"कोणता अनर्थ? सांग बरं."

मी सांगायला गेलो. लॉटरी नाही, हे बरोबर. हळू चालवणं, हेही चुकीचं नाही. आजींना आत घेतलंच. मला अनर्थ सापडेना. मी शिडी घेऊन परत आलो. पण एक स्वल्पविराम तरी घालू द्यायला हवा होता.

संध्याकाळी बेकरीवाली भिंतीसमोर उभी होती, हातात पावाची रिकामी टोपली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल? मी वाचलं, देव सोडत नाही. हातातून सोडत नाही, असं. दुसरं काही असू शकतं, हे मला लोक हसल्यावर कळलं."

मग तिने विचारलं, "तुम्ही काय वाचता?"

मी म्हणालो, मी अक्षरं वाचतो. ती म्हणाली, "ठाऊक आहे."

१८ सप्टेंबर, गुरुवार

तिकिटांचे पैसे परत देण्याचा दिवस. मी मुद्दाम शेवटी गेलो, खजिनदारसाहेब एकटे असतील म्हणून. तर टेबलापाशी बेकरीवाली! साहेब चष्मा विसरले, म्हणून तिला बसवलं होतं. पळायला वेळ नव्हता. मी गठ्ठा ठेवला. निळ्या रंगाचे डाग पडलेला.

ती गठ्ठा बघत राहिली. "ही सगळी तुमची?"

"ब्रशच्या डब्यात होती," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं.

"एवढी? तुम्हाला मोटारसायकल चालवता तरी येते का?"

येत नाही. हा विचार माझ्या मनात आजवर आलाच नव्हता! मी खरं ते सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. "मग कशाला हवी होती?"

"उतरायला," मी म्हणालो.

ती हसू लागली ती थांबेना. टेबलावर डोकं टेकून हसली. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. मी पैसे न घेताच निघालो. तिने मागून हाक मारली, "अहो वेलांटी! मग सायकलवरून उतरलात तरी चालेल!"

काय चालेल, ते तिने सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज हसण्यासारखं काही नाही. रेडिओवर सांगितलं, त्या बाजूच्या बंदरावर मारा झाला. जहाजं होती. बेकरीवाली उपासनेला आली नाही.

पाळकांनी डोळे मिटायला सांगितले. या वेळी मोटारसायकल आली नाही. एक माणूस दिसला, स्वयंपाकाचा कपडा बांधलेला. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तो तिच्यासारखाच दिसत होता. मी एवढंच म्हणालो, सोडू नकोस.

२२ सप्टेंबर, सोमवार

पेंटरकाकांना सांगून बेकरीत गेलो. दार ढकललं. पाटी ‘ओढा’ होती, तरी उघडलं. तिचे वडील फोनपाशी बसून होते. दोन्ही कामगार आलेच नव्हते. ती एकटी भट्टीशी. मला बघून म्हणाली, "आज पाटी नको आहे."

मी म्हणालो, पाटीसाठी नाही आलो. मग पावाचे साचे धुवायला घेतले. काळे, कडेला करपलेले. सगळे घासले. मग पीठ चाळलं. एकदा तिने माझ्या हातातलं पीठ पाहून म्हटलं, "असं नाही, तळव्याने. लोटायचं, दुमडायचं." मी लोटलं, दुमडलं. मागे-पुढे, मागे-पुढे. पाव भट्टीत गेले, बाहेर आले, लोकांनी नेले. लढाई असली तरी लोकांना पाव लागतो.

काकांच्या दोऱ्यासारखंच आहे हे. ताणायचं, टिचकी, रेघ. यातून फोन येत नाही. पण फोनपर्यंतची वाट तरी चालता येते.

२४ सप्टेंबर, बुधवार

आला! फोन आला!

मी पिठात कोपरापर्यंत होतो. जहाज बंदराबाहेरच थांबवलं होतं. कारण काय, तर जेवणाला उशीर झाला म्हणून खलाशी अडून बसले. स्वयंपाक तिच्या भावाचाच! त्याचा भात करपला, दुसरा लावला, आणि त्यामुळे जहाज मागे राहिलं! तिचे वडील फोनमध्ये ओरडत होते, "करपव! रोज करपव!" ती रडत होती आणि हसत होती, आणि तिने माझ्या दोन्ही पिठाळ हातांना धरून मला भट्टीपुढे गोल फिरवलं. टॅक्सीवाल्याने बाहेर हॉर्न वाजवला. आजींनी रस्त्यातच स्तोत्र सुरू केलं, नेहमीसारखं मोठ्याने.

नंतर पाळक म्हणाले, आपला वाचला तेव्हा ज्यांचे वाचले नाहीत त्यांना विसरू नका. बेकरीवाली म्हणाली, "शनिवारी दुप्पट पाव भाजू."

मग तिच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "शनिवारी तुझं काम मंडळीसाठीच आहे ना? मग आमची मोठी पाटी कर. बेकरी मुलीच्या नावावर करतोय मी. तिचं नाव, खाली आडनाव, खाली ‘बेकरी’. नीट कर, दहा वर्षं टिकली पाहिजे."

मी म्हणालो, सावली असेल तर बारा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस घरी जुन्या वर्तमानपत्रांवर सराव करतो आहे. हात आपोआप चालला पाहिजे, तरच मोठ्या पाटीवर अक्षर डगमगत नाही. तिचं नाव, खाली आडनाव. तिचं नाव, खाली आडनाव. इतक्या वेळा लिहिलं, की आता डोळे मिटूनही येईल.

आईने एक कागद उचलून पाहिला, बराच वेळ. मग त्याची घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवली. रद्दी इतकी जपून का ठेवते, कळत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळपासून रस्ताभर कामाची जत्रा! न्हावी झाडाखाली, शिंपी ओट्यावर. टॅक्सीवाला म्हाताऱ्यांना फिरवत होता, गाडीवर त्याने माझ्याकडून लिहून घेतलं: ‘देवाच्या घराशी सोडतो’. पाळक बूट पॉलिश करत होते. आणि खजिनदारसाहेब खरंच मंडळीचं अंगण झाडत होते, टाय लावून! बाजूला डबा ठेवला होता, "झाडताना बघायचे पैसे पडतील." त्यांचा डबा सगळ्यात आधी भरला.

मी लोकांच्या वस्तूंवर नावं लिहून दिली. छत्र्या, डबे, एक वॉकर, एक कुत्र्याचा पट्टा. आजींनी काठीवर लिहून घेतलं ‘मला आत सोडा’. चार वाजता बेकरीची पाटी.

शिडी लावली. दोरा ताणला, टिचकी मारली, रेघा आल्या. खाली सगळे जमले होते. मी कोणाकडे पाहिलं नाही. पहिल्यांदाच तिचं नाव एवढं मोठं लिहीत होतो. दोन दिवसांच्या सरावाने हात वाहत गेला. नाव झालं. आडनाव झालं. ‘बेकरी’ झालं. इतकं सुंदर अक्षर मी आजवर काढलं नव्हतं.

खाली एकदम शांतता. मला वाटलं, भारावले.

पेंटरकाका वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वेलांट्या, वाच बरं एकदा."

मी शिडीवरूनच वाचलं. ऱ्हस्व, दीर्घ, वेलांट्या, उकार, सगळं तपासलं. "बरोबर आहे," मी म्हणालो.

रस्ता फुटला! टॅक्सीवाला हॉर्नवरून हात काढेना. चिटणीस बाई पदराने डोळे पुसत होत्या. आई हातातली पिशवी टाकून टाळ्या वाजवत होती. मी पुन्हा वाचलं. तिचं नाव. खाली आडनाव.

आडनाव माझं होतं.

मी खिसे चाचपले तशी शिडी हलली. "ओला आहे," मी ओरडलो, "रंग ओला आहे, लगेच पुसतो, चिंधी द्या, कोणीतरी चिंधी द्या!"

कोणी चिंधी दिली नाही. बेकरीवाली शिडीच्या पायथ्याशी आली. तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर पाहून विचारलं, "काय चुकलं आहे?"

"आडनाव."

"वेलांटी चुकली आहे का?"

"नाही."

"उकार?"

"नाही. पण..."

"मग पुसायचं कशाला? शुद्धलेखन बरोबर आहे." आणि मग हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "एका दाराला सात पाट्या करून घेतल्या मी. दार दोन्हीकडे उघडतं, वेड्या. तुला वाचता येत नाही म्हणून शेवटी तुलाच लिहायला लावलं."

मी म्हणालो, "मला मोटारसायकल लागली नाही."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. खाली ये. शिडीवरून उतरलास तरी चालेल."

मी उतरू लागलो, पण पायाला पायरी सापडेना. तिचे वडील दारातून ओरडले, "अहो जावईबापू, सावकाश! तिने शिडी धरली आहे, सोडत नाही ती!"

२८ सप्टेंबर, रविवार

उपासनेआधीच बेकरीपाशी गेलो. रस्त्यात कोणी नव्हतं. मंडळीच्या भिंतीवरची निळ्या अक्षरांची पाटी आणि समोर ही नवी. शिडी कालचीच तिथे होती. वर चढून आडनावाच्या शेवटच्या अक्षराला बोट लावून पाहिलं.

वाळला आहे.